शेवटच्या रांगेतला रुमाल

३ जानेवारी
आईची भूमिका मला! यंदा मंडळाचं नाटक पहिल्यांदाच मोठ्या ऑडिटोरियममध्ये. नऊशे खुर्च्या. दिग्दर्शक अभिनव आधी विजयालाच विचारणार होता. मी एवढंच म्हटलं की तिला खोकला आहे, आवाज मागे पोचायचा नाही. खोकला होताच. मंगळवारी एकदा खोकली होती. उद्या तिला सांगून टाकीन.

६ जानेवारी
सांगितलं नाही. ती तिळाचे लाडू घेऊन आली. तोंडात लाडू असताना असलं काही बोलता येत नाही.

९ जानेवारी
हॉलमध्ये पहिली तालीम. माइक मी नाकारला. शाळेत सिस्टर बर्निस ओठांसमोर मेणबत्ती धरायच्या. बोलताना ज्योत हलता कामा नये. माझी कधी हलली नाही. इलोक्यूशनचा कप मिळाला होता. सिस्टरांचा थंडगार हात अजून हनुवटीखाली जाणवतो.
अभिनव म्हणाला, काकू, मनगटं काय हलवून राहिल्या, मागून डास मारल्यासारखं दिसते. हात खांद्यापासून उचला. पोरगा आहे. चालायचंच.
विजया आपणहून शेवटच्या रांगेत बसली. माझं वाक्य ऐकू आलं की रुमाल वर करणार. आज नक्की सांगणार होते. पण ती इतकी लांब बसली होती.

१४ जानेवारी
प्रत्येक वाक्याला रुमाल वर! एक वाक्य मी विसरले, तरी वर. तिचं लक्ष नसावं.
खांद्याचा व्यायाम उद्यापासून.

२० जानेवारी, सकाळ
काल प्रयोग झाला. सर्वांत जास्त टाळ्या मागच्या रांगांतून. सिस्टर हव्या होत्या.

२० जानेवारी, दुपार
विसरलेली शाल आणायला हॉलवर गेले. दारावरच्या तेजरामला म्हटलं, माझा आवाज थेट दारापर्यंत आला ना. तो म्हणाला, मॅडम, तुमचा मधल्या रांगेपर्यंत. पुढे विजयाबाई बोलत होत्या. तुमचे सगळे डायलॉग, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मागचे लोक माना वळवून त्यांनाच पाहत होते.

२० जानेवारी, संध्याकाळ
सेक्टर ६ला विजयाकडे गेले. तिचा घसा पार बसलेला. घोगऱ्या आवाजात म्हणाली, ये ना वो. अभिनवनं मले तेव्हाच सांगितलं होतं, तू म्हणाली का विजयाले खोकला आहे. आता झाला खरंच.
हसली. चहा ठेवायला निघाली.
मी म्हटलं, माफ कर. दोन हातांवर होती ती. पण इतकं हळू, की माझं मलासुद्धा ऐकू आलं नाही.
तिने रुमाल वर केला.