उजेडात बोलणारी

बाई, आज एका वाडीवर बारशाला गेले होते. घावणे, काळ्या वाटाण्याची उसळ आणि वर खीर. इतकं जेवले की परतताना गाडीत धड बसवेना. घरी आले, हातपाय धुतले आणि वाटलं, हे तुम्हाला सांगायलाच हवं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी काही चांगलं घडलं की मन आधी तुमच्याकडेच धावतं.

तुमचं रत्नागिरीतलं मांडवीचं घर आठवतं. पुढच्या खोलीत दवाखाना, मागे स्वयंपाकघर, आणि दोन्हीकडे स्पिरिटचा आणि तळलेल्या बांगड्यांचा मिळून एकच वास. तुम्ही कॉलेजातून निवृत्त झालेल्या, मी नवीकोरी डॉक्टर, तुमच्या हाताखाली. एका सकाळी रांग लांबली होती आणि मी आतूनच ओरडले, "चला, पुढचं कोण?" तुम्ही माझ्या गळ्यातला स्टेथोस्कोप काढून घेतलात. "आता बाहेर बाकावर जाऊन बस. तुझा नंबर आला की ये." मी बसले. शेजारच्या कोळणीने विचारलं, "तुला काय होतंय गो?" म्हटलं, "बाई रागावल्यात." ती खो खो हसली आणि नंबर येईपर्यंत स्वतःच्या गुडघ्यापासून सुनेपर्यंत सगळं सांगून मोकळी झाली. आत आल्यावर तुम्ही एवढंच विचारलंत, "काय काय ऐकलंस?" आणि दुपारी बांगड्याचा मोठा तुकडा मलाच वाढलात. समाज आणि आरोग्य हा विषय तुम्ही कॉलेजात वर्षभर शिकवला होतात. मला तो त्या बाकावर कळला.

पहिली नेमणूक मंडणगडला झाली तेव्हा तुम्ही मला बूट दिलेत. बायकांच्या मापाचे दणकट बूट बाजारात मिळेनात, म्हणून पुरुषांचेच आणलेत आणि पुढे कापूस कोंबून दिलात. "डोंगरातल्या वाड्या आहेत. चपला घालून गेलीस तर पेशंटच तुला उचलून आणतील." पुढे ते बूट झिजले, तुम्ही गेलात, माझ्या बदल्या होत राहिल्या, आणि फिरून मी पुन्हा मंडणगडलाच आले, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात.

आजचं बारसं जिच्या घरी होतं, तिला जन्मापासून ऐकू येत नाही. नवरा मुंबईला कामाला. घरी ती, तिचा पहिला मुलगा, सासू आणि माहेरी परतलेली नणंद. पहिलं बाळंतपण मुंबईत झालं होतं. तिथे नणंदेला बाहेर थांबवलं, सगळ्यांच्या तोंडावर मास्क, आणि बाळ जन्मल्या जन्मल्या तपासायला घेऊन गेले. कुणी काही सांगितलं असेल तर ते तोंडाने. तिला वाटलं, बाळ गेलं. संध्याकाळी नवरा बाळाला घेऊन येईपर्यंत ती भिंतीकडे तोंड करून पडून होती. त्यात तिला रक्तस्रावही फार झालेला. आता दुसऱ्या वेळी तिने घरीच बाळंत व्हायचं ठरवलं होतं. वाडीच्या आशा सेविका दोनदा गेल्या, दोन्ही वेळा तिने दार लावून घेतलं. रक्त कमी, आधीचा रक्तस्राव, आणि वाडीपासून रस्ता लांब. मला धडकी भरली होती.

मी गेले तेव्हा ती पडवीत तांदूळ निवडत होती. मी बसले, चार खडे वेचले. नणंद म्हणाली, "डाक्तरीण बाय, ती नाय यायची. आमी सांगून थकलो." मी म्हटलं, "ये असं नको सांगू. तिला विचार, यायचं झालं तर तिथे काय काय असायला हवं?" नणंदेने हातांनी विचारलं. तिने सूप बाजूला ठेवलं आणि तिचे हात बोलायला लागले, ते थांबेचनात. नणंद शेजारी हवी. बोलताना तोंड दिसू दे. बाळ नजरेआड करायचं नाही. आणि उजेड हवा. मला कळेना, उजेड कशाला? नणंद म्हणाली, "काळोख झाला तर ती बोलंल कशी?" बाई, इतकी वर्षं मी लाइट जाण्याचा विचार लसींच्या फ्रिजसाठी करत आले. लाइट गेली की एखाद्या माणसाची भाषाच जाते, हे मला सुचलंच नव्हतं.

मग आमच्याकडे गंमतच सुरू झाली. तपासणीला आली की ती व्हरांड्यात आम्हाला हातांच्या खुणा शिकवायची. कळ आली, जोर लाव, थांब, बाळ छान आहे. सिस्टर आधी कुरकुरल्या, "लेबर रूममध्ये नातेवाईक कशाला, मॅडम?" पण त्यांचेच हात सगळ्यांत झटपट वळले. अॅम्ब्युलन्सचे ड्रायव्हरदादा 'आता वळण आहे, धरून बस' हे शिकले. मला तिने एक खूण दिली, नाकावरचा चष्मा वर सरकवण्याची. तेच माझं नाव. आता अख्खा दवाखाना माझ्या पाठीमागे मला तसंच म्हणतो.

ती आली ती भर दुपारी, गणपतीच्या आधीच्या धो धो पावसात, आणि तास-दोन तासांत लाइट गेलीच, ढगांमुळे आत काळोख. आम्ही तयारीत होतो. बॅटरीचा दिवा लावला आणि दवाखान्यातल्या मावशींनी वर टॉर्च धरली, नेमकी सिस्टरांच्या हातांवर. नणंद उशाशी. बाळ आलं तेव्हा सिस्टर सगळं विसरून ओरडल्या, "मुलगी!" मग जीभ चावून हाताने तेच सांगितलं. बाळ तिच्या छातीवर ठेवलं, वजनाचा काटाही कॉटशेजारीच आणला होता. ती बाळाचं रडणं ऐकू शकत नव्हती. तिने तळवा त्या इवल्या पाठीवर ठेवला, रडण्याची थरथर तिच्या हाताला लागली आणि ती हसायला लागली. रक्तस्राव आटोक्यात होता. टॉर्च हलायला लागली म्हणून वर पाहिलं, तर मावशी रडत होत्या.

पण खरी मजा नंतर झाली. बाकीच्या बायका म्हणायला लागल्या, "तिला समदं समजावून सांगता, आमालाच काय नाय सांगत?" बरोबरच होतं, त्यांना तरी कुणी कधी सांगितलं होतं? आता प्रत्येकीच्या उशाशी तिचं माणूस बसतं आणि सुई टोचण्याआधी कशाची ते सांगितलं जातं.

आज बारशाला आत्याने बाळाच्या कानात कुर्र केलं, बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले. मग आई पुढे झाली. तिने बाळाच्या मुठीत आपलं बोट दिलं आणि दुसऱ्या हाताने हवेत एक फूल उमलवलं. हे तिने ठेवलेलं नाव. सगळ्या वाडीने हात वर करून फुलं उमलवली. बाळाला ऐकू येतं का, ते तपासायला रत्नागिरीला न्यायचं आहे. आईला त्याची काही धास्ती नाही.

निघताना एका म्हातारीने मला अडवलं. "तू कसली गो डाक्तरीण? हाडांची का काळजाची?"

"हितली," मी म्हटलं.

"मग बरी," म्हणाली.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून सांगून टाकते. घराजवळ, रत्नागिरी शहरात बदली मिळावी म्हणून मी अर्ज केला होता, आणि ती मिळणारही होती. परवा तो अर्ज मी गुपचूप मागे घेतला. घरी अजून कुणाला सांगितलेलं नाही.