उतरत्या कडेचं चाक

टोलेडो, ओहायो
मंगळवार, १५ ऑक्टोबर

प्रिय अर्डिस,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र आधी फ्रिजवर ठेवून दिलं असशील, घरातली सगळी कामं उरकली असशील आणि मग नाइलाजाने उघडलं असशील. तुझा पत्ता तुझ्या बहिणीने दिला. देण्याआधी तिने मला फोनवर चांगलंच झाडलं. "एकोणीस वर्षं मिठाची गुळणी धरून बसलात, आता काय हवंय तिच्याकडून?" म्हणाली. मी म्हटलं, हवं काही नाही, सांगायचंय. तेव्हा कुठे तिने पत्ता सांगितला, पण "तिला रडवलंत तर गाठ माझ्याशी आहे" हेही ऐकवलं.

बातमी अशी, की कप्तानाचा दिशाशोधक माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर पडलाय. खराखुरा, ऑर्विलने १९७३ साली त्या अंतराळ-सिनेमासाठी स्वतःच्या हातांनी जोडलेला, पडद्यावर कप्तानाच्या मुठीत दिसतो तोच. ऑर्विल गेल्यावर त्याची मुलगी रोझलिन बेकर्सफिल्डचं गॅरेज आवरत होती, तेव्हा नाताळच्या दिव्यांच्या खोक्यात तिला तो सापडला. तिकडच्या एका सिनेमा-संग्रहालयाला तो हवाय, पण खरा असेल तरच. त्यांनी इंटरनेटवरच्या आपल्या नक्कलवाल्यांच्या फोरमला विचारलं आणि फोरमने माझ्याकडे बोट दाखवलं. येत्या शुक्रवारपर्यंत मी लिहून द्यायचंय, खरा की नक्कल. तीन आठवडे झाले, टेबल त्याने अडवलंय आणि मी बशी हातात धरून उभ्याने पिएरोगी खातोय.

तुला आपली नक्कल आठवते ना? चार वर्षं आपण तिच्यापायी गावोगावचे जुने बाजार पालथे घातले. नवीन काही घडवायचं नाही, ऑर्विलने ज्या वस्तू उचलून जोडल्या, त्याच जातीच्या, त्याच सालाच्या वस्तू शोधून जोडायच्या, हा नियम. फ्लॅशची नळी फोर्ट वेनच्या कॅमेरा-मेळ्यात मिळाली. काचेभोवतीची कडी बॉयलरच्या दाबमापकाची निघाली. स्टोव्हची पितळी टोपी तर तू तुझ्या काकांच्या केबिनमधून, ते मासे धरायला गेलेले असताना, उघडून आणलीस आणि त्यांचं जेवण बोंबललं. राहिलं फक्त बुडाचं काळं चाक. ते सिनेमात चार सेकंद दिसतं. सात खाचा आणि बाहेरच्या बाजूने उतरती कड, एवढाच पुरावा.

तू म्हणालीस, हे अंडी उकडायच्या टायमरचं चाक आहे, माझ्या आईकडे असंच होतं. फोरमवर काय हशा पिकला! अंतराळातल्या कप्तानाच्या हातात स्वयंपाकघर? "अंडी झाली का गं, अर्डिस?" हे ग्लेनने सुरू केलं आणि मग तू काहीही लिहिलंस की खाली तेच यायचं. "माझी जरा जास्त शिजव हं," असंही एकाने लिहिलं. तुझ्या आईचा टायमर केव्हाच भंगारात गेलेला. आणि हातात वस्तू नाही तर दावा नाही, हा दुसरा नियम. मीही हसलो होतो. तुझ्यासमोर नाही, पण हसलो.

त्याच महिन्यात मी लष्कराच्या जुन्या रेडिओच्या एका चाकाचा फोटो फोरमवर टाकला. सात खाचा जुळल्या, कड जुळली, सिनेमातलं चित्र आणि माझा फोटो एकावर एक ठेवला तर केसाचाही फरक नाही. ज्याने वस्तू ओळखली त्याचं नाव वस्तूला लागतं, तसं ते 'कॅझचं चाक' झालं. लोकांनी टोप्यांवर छापून घेतलं. कारखान्याच्या टूलरूममध्ये चाळीस वर्षं दुसऱ्यांचे साचे घासणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच स्वतःच्या नावाची काही वस्तू मिळाली होती. मी हवेत होतो.

पण पुढे गंमत झाली. ते रेडिओ लोकांना मिळायला लागले आणि प्रत्येकाची कड सरळ निघाली. मला विचारणा झाली. मी ठोकून दिलं, की पहिल्या काही रेडिओंनाच उतरती कड होती, नंतरच्यांना नाही. लोकांनी ते देवाचं वचन समजून घेतलं. विनिपेगचा एक निवृत्त पोस्टमन अकरा वर्षं उतरती कड शोधतोय. दर नाताळला त्याचं कार्ड येतं, "अजून नाही, पण आशा सोडलेली नाही." चांगले चालते रेडिओ लोकांनी त्या चाकापायी फोडले. आणि तसं चाक जगात एकच आहे, अर्डिस. माझ्या कानशीने केलेलं.

हो, मी घासलं. तळघरात, दोन दुपारी, बारीक कानशीने. मग तेल आणि काजळी चोळून ते जुनं दिसेल असं केलं. का, हे मी स्वतःला इतक्यांदा विचारलंय की उत्तर आता गुळगुळीत झालंय. आधी वाटलं, बघू तरी कसं दिसतं. दिसलं हुबेहूब. मग वाटलं, तू बरोबर असशील तर मी चार वर्षं तुझ्या मागून फिरणारा हमाल ठरेन. हे खरं कारण.

आता टेबलावरच्या वस्तूचं सांगतो. खोकं उघडलं, कागद काढला आणि आधी बूड बघितलं. उतरती कड, सात खाचा. काळा रंग एका बाजूने उडालाय आणि त्याखालून पांढरे आकडे डोकावतायत, पाच, दहा, पंधरा. अंडी उकडायची मिनिटं.

मी फोटो टाकले. टाकावेच लागतात. तासाभरात ग्लेनचा फोन. "कॅझ, चाक बघितलंस? टायमरचं! म्हातारबुवांनी नंतर पोरीला खेळायला दुसरा करून दिला असणार. तू फक्त दोन ओळी खरड, विषय संपव." मी चाचपडत म्हटलं, माझंच चुकलं असेल तर? तर हसला. "तुझ्याकडे उतरत्या कडेचं रेडिओचं चाक आहे, बाबा. आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. ते काय आभाळातून पडलं?" बघ कसा अडकलोय. चूक झाली म्हणून सुटता येत नाही. माझं चाक जोवर खरं आहे तोवर ऑर्विलचं खोटं ठरणार. ऑर्विलने कष्टाने जोडलेली वस्तू आता माझ्या खोटेपणाशी जुळत नाही, म्हणून नकली.

आणि रोझलिन. तिने फोन केला तो रविवारी, चर्चमधून आल्यावर. आवाज ऑर्विलसारखाच जाडाभरडा असावा, मी त्याला कधी भेटलो नाही. म्हणाली, "मी लहान होते तेव्हा आईचा टायमर हरवला होता. ती आठवडाभर बाबांवर ओरडत होती आणि बाबा म्हणायचे, मला काय माहीत? मग सिनेमा बघायला गेलो, तर भर थिएटरात आई उठून उभी राहिली, माझा टायमर, माझा टायमर म्हणून. लोक शूऽ शूऽ करत होते. खरं सांगू का, मिस्टर नोव्हाक, ही गोष्ट मी सगळ्यांना सांगत आलेय. आता ती तज्ज्ञ मंडळी म्हणतायत की असं झालंच नाही. बाबा खोटं बोलले असतील का हो?" मी म्हटलं, शुक्रवारी कळवतो. एवढंच म्हटलं, अर्डिस. ती "थँक्यू" म्हणाली.

त्यानंतर दोन दिवस मी घरातल्या घरात कोंडल्यासारखा होतो. तळघरात जावं तर शेल्फवर माझं चाक, काचेच्या पेटीत, नावाच्या पट्टीसकट. वर यावं तर टेबलावर ऑर्विलचं. फोरम उघडावा तर 'कॅझ काय म्हणतो त्याची वाट बघू', सत्तर जणांनी लिहिलेलं. सत्तर माणसं माझ्यावर विश्वास ठेवतायत. कानस लावायला दोन दुपारी पुरल्या होत्या. हे पान लिहायला बसायला एकोणीस वर्षं लागली.

इथवरचं सगळं पत्र मी आज सकाळी जसंच्या तसं फोरमवर टाकलं. सोबत माझ्या चाकाचे, घासलेल्या कडेचे, भिंगातून काढलेले फोटो. संग्रहालयाला कळवलं, वस्तू खरी आहे आणि बुडाचं चाक पहिल्यांदा अर्डिस लिंडग्रेनने ओळखलं. रोझलिनलाही फोन केला. ती रडली, मग हसली, मग मला दोन शब्द सुनावले, ते मी इथे लिहीत नाही. विनिपेगच्या पोस्टमनला वेगळं पत्र टाकलंय. पण हा शेवटचा परिच्छेद फक्त तुझ्यासाठी आहे, तो कुणीही वाचलेला नाही. फोर्ट वेनच्या पार्किंगमध्ये मी ते चाक मोठ्या तोऱ्यात तुझ्या हातावर ठेवलं, तेव्हा तू अंगठा कडेवरून सावकाश फिरवलास. उभा जन्म टाइपरायटर दुरुस्त केलेला अंगठा. मग माझ्याकडे बघितलंस, "हात चांगला आहे तुझा, कॅझ," म्हणालीस, चाक परत दिलंस आणि गाडीत बसलीस. तुला त्याच क्षणी कळलं होतं. तू एक ओळ लिहिली असतीस तर त्यांचं हसू त्यांच्याच घशात गेलं असतं. पण तू मला उघडं पाडण्यापेक्षा स्वतः निघून गेलीस. आणि मी, निर्लज्ज, कैक वर्षं त्याबद्दल तुझ्यावरच चिडून होतो, की ही बोलली असती तर मी तेव्हाच सुटलो असतो. पत्र तुला आधी पाठवलं असतं तर तू पुन्हा तेच केलं असतंस. घडी घालून खणात ठेवलं असतंस आणि कुणाला चकार शब्द बोलली नसतीस. म्हणून आधी सगळ्यांना सांगितलं आणि मग पाकीट चिकटवतोय. आता तुला माझ्यासाठी गप्प बसायचं कारण उरलेलं नाही.

तुझाच,
कॅझ