शाळेतलं शांततेचं मिनिट

प्रिय डॅडी,

तुमचं पत्र आणि पीचचा मुरंबा दोन्ही पोचली. मी मजेत आहे. ममाचा गुडघा आता तिला जिने चढू देतो का?

"सरकारी शाळेत देवाला फाटकाबाहेरच थांबवतात का गं?" असं तुम्ही विचारलंत. तसं नाही. रोज सकाळी इथे एक मिनिट शांतता असते. कुणी प्रार्थना करतं, कुणी खिडकीबाहेर बघतं. मी पडले सरकारी शाळेतली बाई, म्हणून कायद्याने मला मुलांकडून प्रार्थना म्हणून घेता येत नाही. पण कुणाच्या मनात काय चाललं असेल, याचं मला रोज कुतूहल वाटतं.

मंगळवारी माझ्या वर्गातल्या ओपलच्या आईच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. पोरगी सकाळीच माझ्या टेबलाशी आली. "मिस, तुम्ही पाद्रीबाबांची मुलगी ना? मग मोठ्याने प्रार्थना म्हणा की!"

"वर्गात मला म्हणता येत नाही, राणी. तू मनात म्हण. मी शेजारी उभी राहते."

मागून हलीमा म्हणाली, "ए ओपल, मीपण म्हणते. पण आमची वेगळी असते हं. चालेल?"

"चालेल. फक्त आईचं नाव नीट घे. लोरेटा."

मिनिट संपल्यावर ओपल माझ्या कानाशी आली. "मिस, तुमचेही ओठ हलत होते."

लोरेटा अजून शुद्धीवर आलेली नाही. रविवारी चर्चमध्ये आजाऱ्यांची नावं घ्याल, तेव्हा तिचंही घ्या. आणि डॅडी, मोठ्याने घ्या.

तुमच्या आशीर्वादात असलेली,
कोरिन