दगड होता तसा

प्रिय आत्या,

नोकरी मिळाली. किनाऱ्यावरचे जीव मोजायचे आणि जपायचे, हेच काम. पण तुला एक सांगायचं राहिलंय.

मुलाखतीच्या दिवशी ओहोटीला आम्हा सहा जणांना खडकांवर सोडलं. अर्ध्या तासात सापडतील तेवढे जीव नोंदवायचे होते. बाकीच्यांचे चाळीसच्या पुढे गेले, माझे अकराच. प्रत्येक दगड होता तसा परत ठेवण्यात माझा वेळ गेला. मी तोंड एवढंसं करून उभी होते. पण प्रमुख बाई याद्या सोडून आम्ही उचललेले दगडच बघत आल्या; बाकीच्यांचे उलटेच पडले होते.

"हे कुठे शिकलीस?" त्यांनी मला विचारलं.

"कॉलेजात," मी म्हणाले.

आत्या, बाजारात शिंपले विकणाऱ्या माझ्या आत्याकडे, असं सांगायला जीभ रेटली नाही. लहानपणी खडकांवर शिंपले वेचताना तू ओरडायचीस, "वेंधळे, दगड नीट ठेव! तुझं छप्पर कुणी उलटं टाकलं तर चालेल?" माझं खरं शिक्षण ते.

आज बाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग त्यांनाच घेऊन ये की, नव्या मुलांना शिकवायला."

तुला वाचता येत नाही, म्हणून हे पोस्टात टाकत नाही. रविवारी येऊन वाचून दाखवीन. आधी पोटभर रागाव, मग चपला घाल आणि चल.

तुझीच,
वेंधळी