खुंटीवरचं पागोटं

जुन्नर, माघ वद्य तृतीया, शके १८२९. दिवेलागण.

दवाखान्यात शिकलेली सुईण नेमायची का, यावर आज म्युनिसिपालटीत मतं पडणार. नेमस्तांना त्यासाठी सरकारी मदत चालते, जहालांना नाही. सुईण मात्र दोघांनाही हवी! माझे धाकटे दीर तिथले सभासद; सगळं त्यांच्या एका मतावर अडलेलं. सोयरे दोन्हीकडे, म्हणून त्यांना सभेला जायचंच नाही; पागोटं खुंटीवरच.

"वैनी, कुणी बोलवायला आलं तर सांगा, ताप भरलाय."

"भाऊजी, या घरात तापाचं खोटं नको. माझी लेक दुर्गी बाळंतपणाच्या तापानंच गेली."

"मी न्हाई गेलो तर कुनीच दुखावत न्हाई."

"सुईण येत न्हाई, यवढंच."

कुणी घराबाहेर निघताना विधवेनं समोर येऊ नये, म्हणून मी आतच थांबते. आज मीच पागोटं काढून भाऊजींच्या हातात दिलं. अपशकुन केला का मी? त्यांनी ते डोक्यावर ठेवलं, वाकून नमस्कार केला आणि गेले.

अजून दिवा लावला नाही. अंधारात मनाला दवाखान्याची खिडकी दिसते. आत दुर्गी निजली आहे, कुणीतरी तिच्या कपाळावर हात ठेवला आहे. मत कुठल्या बाजूनं पडलं, कळायचं आहे. खुंटी रिकामी आहे. या घरातली रिकामी जागा बघून आज पहिल्यांदाच बरं वाटलं.