वस्तादांनी बांधलेली पट्टी

वस्ताद,

हल्ली खेळाडूंना मनाचा डॉक्टर असतो म्हणे. पेपरात वाचलं आणि तुम्ही आठवलात. आमच्या टीमचे कोचही तुम्हीच, डॉक्टरही तुम्हीच.

त्या वर्षी फायनलला मी पेनल्टी बाहेर मारली आणि पेठेनं माझ्याकडं पाठ फिरवली. ते एकवेळ सोसलं असतं. पण पुढं मैदानाचं फाटक दिसलं तरी छातीत धडधडायचं, हातपाय गार पडायचे, घास उतरत नव्हता. गिरणीतली नोकरी फुटबॉलवर मिळालेली. खेळ थांबला की तीही जाणार. आईनं दृष्ट काढली, टीमनं भित्रा ठरवलं. तुम्ही मला शाहूपुरीतल्या घरी बोलावलंत, स्वयंपाकघरात पाटावर बसवलंत आणि माझ्या धडधाकट गुडघ्याला पट्टी गुंडाळायला लागलात.

"वस्ताद, गुडघ्याला काय झाल्यालं न्हाय."

"ठावं हाय की मला. मन बिघडलंय म्हटलं तर येडा म्हणतील, सायब घरी बसवंल. गुडघा म्हटलं की दूध घिऊन येतील बघ. उजवा पाय ओढत चालायचं. आन् रोज सांजचं हितं येऊन बोलायचं."

आणि खरंच, तीच पेठ दूध-अंडी घेऊन दारात. मी लंगडतोय, बायका हळहळताहेत. संध्याकाळी तुम्ही कांदा चिरताय, मी बोलतोय, कधी नुसताच रडतोय. एकदा चुकून डावा पाय ओढला, तर भर रस्त्यात तुम्ही हाक मारलीत, "पाय चुकला, पावणं!" कित्येक दिवसांनी मी हसलो. पुढच्या हंगामात पट्टी सुटली आणि मी खेळलो. किती सुखाचे दिवस होते ते, आजारपणाचे असूनही.

तुम्ही गेलात तेव्हा जनाज्याला खांदा द्यायला मी पुढं झालो. गिरणीतल्या पोरांनी मला मायेनं बाजूला घेतलं. "तुमी नगा. जुना गुडघा हाय तुमचा."

"गुडघ्याला कधी काय झालंच न्हवतं," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदाच. कुणालाच पटलं नाही. दुःखात माणूस काहीबाही बोलतो, असं म्हणून त्यांनी मला मागं चालवलं.

हे कुठं धाडायचं नाही, म्हणून लिहितो. मी पुन्हा सांगू शकलो असतो. पण मग काय झालं होतं, तेही सांगावं लागलं असतं. त्यांना पटलं नाही, याचं मला हायसं वाटलं, वस्ताद. तुम्हाला खांदा द्यायचा तेवढा राहिला.