पद्मजाताईची माणसं

३ नोव्हेंबर, सोमवार

पोचले एकदाची. मेदनकरवाडीतली खोली, खाली पिठाची गिरणी. गिरणी चालू झाली की फरशी पायाखाली गुरगुरते आणि सगळीकडे ज्वारीचा गरम वास येतो. मला तर आवडला. खिडकीतून कांद्याच्या ट्रकांची रांग दिसते, तिच्या पलीकडे कंपन्यांच्या बसेस. परभणीत एवढी माणसं मी फक्त जत्रेत पाहिलीयत.

सकाळी वाकडच्या ऑफिसात हरिहर सरांनी काम समजावलं. पाळ्यांमध्ये काम करणाऱ्या साठ जणांच्या मनगटावर आमच्या संस्थेची स्मार्ट घड्याळं आहेत. ती त्यांचे हृदयाचे ठोके, झोप आणि पावलं मोजतात. शिफ्ट बदलली की शरीराचं काय होतं, यावर अभ्यास चालू आहे. मी आठवड्याला प्रत्येकाकडे जायचं, घड्याळातला डेटा टॅबवर उतरवून घ्यायचा, पट्टा नीट आहे का ते बघायचं, दोन शब्द बोलायचं. एक घड्याळ मलाही दिलं. बांधल्याबांधल्या आकडा आला, बहात्तर. सर म्हणाले, उत्तम.

आईला फोन केला. ती म्हणाली, छान, आणि लगेच ताईच्या नव्या फ्लॅटबद्दल सांगायला लागली.

६ नोव्हेंबर, गुरुवार

कौशल्याबाई खराबवाडीच्या एका सुट्या भागांच्या कंपनीत कँटीनला आहेत. एका पाळीत सहाशे पोळ्या लाटतात. मी ओळख करून दिली तर त्या माझ्या खांद्यावरून मागे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ताई न्हाई आली व्हय?

ताई म्हणजे पद्मजा. माझ्याआधी हे काम करणारी. तिनं काम सोडलं, एवढंच सर म्हणाले होते.

त्याच कंपनीच्या गेटवर मालोजी नावाचे वॉचमन आहेत, साठीच्या आसपासचे. मला लांबून येताना बघून ते खुर्चीवरून उठले, खिशातून एक मोठा पेरू काढला. मी जवळ आले. त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि पेरू परत खिशात ठेवला.

दिवसभरात नऊ जणांकडे गेले. नऊही ठिकाणी पद्मजाताई.

११ नोव्हेंबर, मंगळवार

या पद्मजाताईचं कौतुक ऐकून कान किटले. पद्मजाताई पोरांचे फॉर्म भरून द्यायची. पद्मजाताई बसून जेवायची. पद्मजाताईला सगळ्यांच्या सुनांची नावं पाठ. आणि काम? पट्टे सगळ्यांचे सैल! रीडिंग मध्येमध्ये तुटलंय. कातडीला काचू नये म्हणून ती मुद्दाम एक भोक सैल ठेवायची म्हणे. मी सगळे घट्ट केले. कौशल्याबाईंच्या मनगटावर लाल वळ उठला. त्यांनी वळाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

घरी ताई, इथे पद्मजाताई. माझ्या नशिबात दुसऱ्याची जागा झाडणं आहे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

अजून राग जात नाही.

कौशल्याबाईंचा पट्टा एक भोक सैल होता. विचारलं, तर सहज म्हणाल्या की काल चारला ताई आली होती. पिठाच्या पोत्यावर शेजारी बसली, त्यांच्या खांद्याला तेल चोळलं, पट्टा सैल केला, गेली.

म्हणजे काम सोडूनही बाई माझ्या माणसांकडे येऊन बसते! माझ्या पाठीमागे!

एकेकट्याचे आलेख आम्ही बघायचे नसतात, तसं लिहूनच घेतलंय. मी बघितला. काल चार ते चार वीस कौशल्याबाईंचे ठोके चौसष्ट. सरळ रेघ, दुधावर साय धरावी तशी. मग मागच्या मंगळवारची माझी भेट काढली. शहाण्णव.

कुणाला बघून जीव निवतो आणि कुणाला बघून धडधडतो, याचा इतका स्वच्छ पुरावा आजवर कुणाला मिळाला नसेल.

२० नोव्हेंबर

मालोजींकडेही येते. एकूण अकरा जणांकडे. सगळ्यांकडे चारला! अकरा जणांकडे एकाच वेळी कशी, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मला फक्त चौसष्ट दिसत होते.

कौशल्याबाईंसाठी आईनं पाठवलेले लाडू घेऊन गेले. नातवंडांची नावं विचारली, पोत्यावर बसले, हसले. त्यांनी लाडू खाल्ला, चांगला झालाय म्हणाल्या. खोलीवर येऊन बघितलं. अठ्ठ्याण्णव.

२४ नोव्हेंबर, सोमवार

वाकडला जाऊन सरांना सरळ विचारलं. पद्मजा कुठल्या दुसऱ्या संस्थेसाठी डेटा पळवतेय का? तिला आवरा.

सरांनी दार लावून घेतलं. मग म्हणाले की एकोणीस ऑगस्टला तळेगाव रोडला कंटेनरनं तिच्या स्कूटीला उडवलं. जागेवरच गेली. लोकांना त्यांनी सांगितलं नव्हतं, कारण तिच्यावर जीव असलेल्यांनी घड्याळं काढून टाकली असती आणि अभ्यास मध्येच बंद पडला असता. मलाही त्यांनी हात जोडून सांगितलं की बोलू नको.

मला भीती वाटायला हवी होती. वाटलीही, जिना उतरताना. पण बसमध्ये, भोसरीच्या ट्रॅफिकमध्ये अडकून बसले होते तेव्हा डोक्यात एकच. मेल्यावरसुद्धा हिलाच चौसष्ट.

२७ नोव्हेंबर

मालोजी गेले. दुपारी, गेटवर, खुर्चीत बसल्या बसल्या.

घड्याळ परत आणायला मलाच जावं लागलं. सून म्हणाली, तोंडावर हसू होतं. दुसऱ्या वॉचमननं सांगितलं की मामा शेजारच्या रिकाम्या स्टुलाशी बोलत होते, त्याला वाटलं म्हातारा फोनवर आहे. हातात अर्धा पेरू होता. उरलेला अर्धा कुठं गेला, कुणाला माहीत नाही.

डेटा उतरवला. चारला चौसष्ट. मग अठ्ठावन्न, एकोणपन्नास, एक्केचाळीस, तेहेतीस. कुठे धडपड नाही, झटका नाही. कुणीतरी हात धरून एकेक पायरी उतरवावी तशी रेघ खाली गेलीय.

२८ नोव्हेंबर

उरलेल्या दहा जणांच्या रेघा बघितल्या. सगळ्यांच्या चारच्या भेटी रोज थोड्या खाली चालल्यात. कौशल्याबाई: चौसष्ट, एकसष्ट, सत्तावन्न.

सरांना फोन केला. ते म्हणाले, घड्याळांत दोष असेल, कंपनीला कळवतो.

२९ नोव्हेंबर, शनिवार

सांगितलं.

पुढे कधी कुणी विचारलं तर म्हणता येईल की त्यांचा जीव वाचावा म्हणून सांगितलं. या वहीत तरी खरं लिहू दे. कौशल्याबाई पीठ मळता मळता म्हणाल्या, काल ताई म्हनली, मावशी तुमच्या हाताला चव हाय. तेवढं मला सहन झालं नाही आणि मी बोलले. तुमची ताई ऑगस्टमध्येच मेली, मावशी. कंटेनरखाली.

त्यांचे हात परातीत तसेच राहिले. म्हणाल्या, "मंग काल माज्या खांद्याला त्याल कुनी लावलं?"

त्या खाली बसल्या आणि पिठाच्या हातांनीच तोंड झाकून रडल्या. बऱ्याच वेळानं डोळे पुसले, म्हणाल्या, आता आली तर सांगते तिला, बाय माजी, तू जा आता, हितं न्हाई थांबायचं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुला लई बरं वाटलं न्हवं, पोरी, सांगून?"

वाटलं.

उरलेल्या नऊ जणांनाही दोन दिवसांत सांगून टाकते.

२ डिसेंबर

चारला कुणाचीच रेघ सरळ नाही. सगळ्या करवतीसारख्या. सहा जणांनी घड्याळं काढून हातात दिली. सर ओरडले, ओरडू देत. कौशल्याबाई मात्र वाचल्या. आज चारला ब्याऐंशी.

आता ती कुणाचीच नाही. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

४ डिसेंबर

माझंच घड्याळ उतरवून बघितलं, गंमत म्हणून.

काल चारला मी खोलीत फॉर्म भरत होते. चार ते चार वीस: चौसष्ट. सरळ रेघ.

त्या वीस मिनिटांत भरलेला एकही फॉर्म नाही. पट्टा एक भोक सैल आहे. मी केलेला नाही.

५ डिसेंबर

चारच्या आधी तळेगाव चौकात जाऊन उभी राहिले. गर्दीत, हॉर्नमध्ये, ट्रकांच्या धुरात. स्टॉपच्या बाकावर जागा मिळाली. माझ्या शेजारची जागा रिकामी होती, माणसं उभी होती, तरी कुणी बसलं नाही. एक बाई कडेवर मूल घेऊन वाकली आणि एकदम, माफ करा, म्हणून सरकली. हे मला उद्देशून नव्हतं. शेजारी बघून म्हणाली.

त्यानंतर एकदम चार पंचवीस.

घड्याळ काढून कपाटात टाकलं. दोन बोटं मनगटावर ठेवून मोजले. साठ.

६ डिसेंबर

आली. आज बघितलं.

साधी आहे. जिच्यासाठी मी एवढी जळले ती इतकी साधी. ओढणीला रस्त्याची माती. कॉटच्या कडेला बसली आणि विचारलं, जेवलीस का?

महिना झाला इथे येऊन. हे कुणी विचारलं नव्हतं. आईनंही नाही.

मी रडले. तिनं माझा खांदा चोळला. हात गार होता, पण छान गार.

८ डिसेंबर

बावन्न. कामाला गेले नाही. सरांचे नऊ कॉल.

मला मालोजींची रेघ पाठ आहे. मी काय करतेय ते मला कळतं. लिहून ठेवते: मला कळतं.

तिला विचारलं, अजून कुणाकडे जातेस का? ती म्हणाली, कुठं जाऊ, तूच दारं लावलीस ना सगळी. रागावून नाही म्हणाली. रागावली असती तर बरं —

९ डिसेंबर

बॅग भरली. दुपारची गाडी पकडून परभणी गाठायची. जिन्यापर्यंत गेले.

मग मनात आलं, मी नसले तर चारला ती कुणाकडे जाईल? कौशल्याबाईंकडे?

बॅग उघडली. कपडे परत लावले.

१० डिसेंबर

चव्वेचाळीस. नखं निळसर.

दुपारी कौशल्याबाई आल्या, भाकरी न् ठेचा बांधून. तीन दिवस आली न्हाईस म्हनून आले. माझं तोंड दोन्ही हातांत धरलं, म्हणाल्या, अगं राखेसारखी झालीस, चल माज्यासंगं, राजगुरुनगरला डाक्टर हाय. मग आवाज खाली करून विचारलं, ती हितं येती का?

नाही म्हणाले. खोटं. आणि दार लावलं. का लावलं — त्या तिला बघतील, ती त्यांना बघेल, आणि मग परत — दोघी पोत्यावर — मी उभी —

नाही.

११ डिसेंबर

एकोणचाळीस. जिना चढताना — चढलेच नाही. अक्षर असं का येतंय. थंडी नाही वाजत. काहीच वाजत नाही.

भाकरी खाल्ली नाही. तिला आवडलं नाही, मावशींनी दिलेली. म्हणाली, नको खाऊस.

पहिल्यांदाच तिनं मला काही नको म्हटलं —

१२ डिसेंबर

चार. आली.

दार वाजतंय. मावशी. गिरणीवाल्याला हाक मारतायत, पहार आण रं. म्हणतायत, पोरी, कडी काढ, मी हाय, मी न्हाई जात कुटं. रडतायत. ताईसाठी नाही — माझं नाव घेऊन. विजू म्हणतायत. मला विजू कुणी —

उठायचंय. पाय —

ती विचारते, जायचंय तुला तिच्याकडे? साधी नाही आता. तोंड — तसलं तोंड मी ओळखते. महिनाभर आरशात तेच — तिला जळतंय. मावशी माझ्यासाठी रडतात म्हणून तिला —

मावशी, मी आत आहे. उठते मी. कडी हाताला लागतेय, थांबा, जाऊ नका, मी उठ— तिनं मनगट धरलं, घट्ट, इतकं घ